कायदेशीर रहिवासी यांस

जेवणाच्या टेबलावर पत्रं मांडलीत, पत्त्यांच्या डावासारखी.
सहा हवीत. दोघांच्या नावे, ग्रिम्सबीच्या याच घरावर,
निदान तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेली,
आणि दोन वर्षांत सारख्या अंतरानं विखुरलेली,
वांग्याची रोपं लावावीत तशी.

क्रेग पहाटेची पाळी संपवून आलाय.
दोनदा साबण लावूनही कानामागे मासळीचा वास.
कितीपर्यंत आलो? विचारतो.
चार, मी म्हणते. आणि एक अर्धं.
अर्धं म्हणजे दातांच्या डॉक्टरचं.
त्यात तो आहे, त्याची किडकी दाढ आहे,
मी नाही.
मी बाहेरच्या बाकावर होते, त्याचं जाकीट मांडीवर घेऊन.
बाकावर बसून राहिल्याची पावती कुणी देत नाही.

पाणीपट्टी आहे. कौन्सिलचा कर आहे.
बँकेनं दोघांची मिळून खरडपट्टी काढली, तेही पत्र आहे:
खात्यात उणे एकोणीस पौंड.
त्या दिवशी एकमेकांना काय काय बोललो होतो.
आज तेच कागद किती हलक्या हातानं
प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला.

फेब्रुवारी ते जून मात्र काहीच नाही.
फेब्रुवारीत तो नऊ दिवस भावाकडे झोपायला होता,
क्लीथॉर्प्सला. कारण आता धड आठवत नाही,
कुकरच्या शिट्टीवरून सुरू झालं होतं.
दहाव्या दिवशी आला. हातात चिप्सचा पुडा,
माझ्या अर्ध्यावर व्हिनेगर नाही.
त्या पुड्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
फॉर्मला फक्त भोक दिसणार, पाच महिन्यांचं.

नातं खरं आहे का? टिकून आहे का?
होय किंवा नाही, एकाच चौकोनात खूण.
मी त्या चौकोनाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले,
आणि ते त्याच्या लक्षात आलं.
काही बोलला नाही. चहाचं पाणी ठेवायला उठला.

मूर्तिजापूरला मला उंबऱ्यात अडवलं होतं
मावश्यांनी, चुलत बहिणींनी, शेजारच्या कासारबाईंनी.
नाव घे, मग आत ये.
क्रेग काही केल्या यमकात बसेना.
शेवटी विमलमावशी म्हणाली, चालेल गं, तसंच घे,
आणि पदरानं तोंड झाकून हसत बाजूला झाल्या सगळ्या.
इथला उंबरा ओलांडायला पाच वर्षं लागतात.
तीस महिने झाले की पुन्हा नाव घ्यायचं,
पुन्हा फी, पुन्हा बोटांचे ठसे,
आणि चालेल गं म्हणायला
दारात कुणीच नाही, नुसतं दार आहे.

तेवढ्यात टपाल पडलं.
एकच पाकीट. टीव्हीच्या लायसन्सवाल्यांचं.
आमच्याकडे टीव्ही नाही. तसं दोनदा कळवलंय.
तरी येतंच, लाल अक्षरांत धमकी घेऊन.
वर नाव कुणाचंच नाही:
'कायदेशीर रहिवासी यांस', बस.

मी पुन्हा वाचलं.
या देशात मला कायदेशीर म्हणणारं एवढं एकच पत्र,
आणि हे पत्र ते धरत नाहीत.

क्रेग इतका हसला की त्याला ठसका लागला.
मीही हसले, मग थोडी रडले, मग नाक पुसलं
कौन्सिलच्या कागदाला लागणार नाही अशा बेतानं.
तो पाकीट फाडायला निघाला, नेहमीसारखा.
थांब, म्हटलं.

आता ते फ्रिजवर आहे,
त्याच्या पाळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी.
उरलेली दोन उद्या शोधू. जिन्याखाली एक खोकं आहे
अजून न उघडलेलं, त्यात बहुधा माझे हिवाळी बूट निघतील.
डाळीचा कुकर चढवलाय.
तीन झाल्या की बंद कर, मी आतून ओरडते,
आणि तो गॅसपाशी उभा राहून मोठ्यानं मोजतो,
येक,
दोन,